खानदेशातून दांडी: दोन दिवसांत समुद्र गाठायचा तर कसा, आणि शेवटचा टप्पा पायी का

खानदेशाला किनारा नाही. भुसावळ, जळगाव, अमळनेर, धुळे इथल्या माणसाला समुद्र म्हटलं की आधी मुंबई आठवते, नाहीतर कोकण. शनिवार-रविवारात कोकण होत नाही, आणि मुंबईचा समुद्र बघायला म्हणून कोणी मुद्दाम जात नाही. खरं तर आपल्याला सोयीचा समुद्र तापी जिकडे वाहत जाते तिकडेच आहे. तापीकाठच्या रेल्वेने सुरतेच्या अलीकडच्या उधन्यापर्यंत जायचं, तिथून थोडं दक्षिणेला नवसारी, आणि नवसारीच्या पश्चिमेला साधारण १६ ते १९ किलोमीटरवर दांडी. अंतरात फरक पडतो तो तुम्ही स्टेशनपासून मोजता की गावाच्या वेशीपासून, एवढ्यापुरताच.

अभिप्राय आधी सांगतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. पोहायला, पाण्यात खेळायला, निळं पाणी आणि पांढरी वाळू बघायला जायचं असेल तर दांडीला जाऊ नका. गाडीने थेट स्मारकाच्या फाटकाशी उतरून दोन तासांत परतायचं असेल, तरी एवढा प्रवास वाया जाईल. पण १९३० च्या मीठ सत्याग्रहाच्या वाटेचा शेवटचा तुकडा स्वतःच्या पायांनी चालून समुद्रापर्यंत पोहोचायची तयारी असेल, तर खानदेशातून दोन दिवसांत होणारी याहून चांगली सहल दाखवता येणार नाही. ही चालण्याची जागा आहे. बाकी सगळं त्यानंतर.

जायचं कसं

जळगाव, भुसावळ, धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार इथल्यांनी रेल्वेनेच जावं. जळगाव ते उधना हा सुमारे ३०६ किलोमीटरचा मार्ग आता दुहेरी झाला आहे आणि विजेवर चालतो. एकेरी असताना समोरच्या गाडीसाठी स्टेशनात ताटकळणं हा या मार्गाचा ठरलेला त्रास होता, तो आता बराच कमी झाला. जळगावहून एक्स्प्रेसला पाच ते सहा तास धरा, नंदुरबारहून तीन-साडेतीन. तिकीट काढताना एक गोष्ट बघाच: गाडी उधन्याला थांबते की थेट सुरतेला जाते. नवसारी दक्षिणेला आहे आणि तापीची लाइन मुख्य मार्गाला मिळते ती उधन्याला. त्यामुळे उधन्याला उतरून नवसारीची मेमू किंवा पॅसेंजर धरली की अर्ध्या-पाऊण तासात काम होतं. सुरतेपर्यंत गेलात तर तेवढंच मागे यावं लागतं, शिवाय सुरत स्टेशनच्या गर्दीत जिने चढउतार होतात ते वेगळंच.

शुक्रवारी रात्रीची गाडी मिळाली तर उत्तम, पण या सहलीचा अर्धा आनंद दिवसाच्या प्रवासात आहे. नंदुरबार सुटलं की कापसाची काळी रानं मागे पडतात आणि नवापूरच्या पुढे जमीन उंचसखल होत जाते, साग दिसू लागतो. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, फलाटावरच्या बाकावरसुद्धा सीमारेषा रंगवलेली आहे. पुढे उकाई-सोनगड येतं. आपल्याकडून वाहत गेलेली तापी इथे उकाईच्या धरणात अडते.

हा रस्ता रेल्वेच्या फार आधीपासूनचा आहे. सुरतेच्या बंदरातून बुऱ्हाणपूरकडे जाणारे व्यापारी, वकील, प्रवासी याच खोऱ्यातून जात. इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो १६१५ मध्ये सुरतेहून निघाला तो व्यारा, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर अशी गावं करत बुऱ्हाणपूरला पोहोचला. फ्रेंच जवाहिर तॅव्हर्निये याने नवापूरच्या बारीक, पांढऱ्याशुभ्र आणि कस्तुरीसारखा वास येणाऱ्या तांदळाचं कौतुक लिहून ठेवलं आहे. खिडकीत बसून त्याच वाटेने उलट दिशेला जाताना हे माहीत असलेलं बरं.

धुळे, साक्री, शिरपूर, शहादा इथल्यांना गाडी काढणं सोयीचं. धुळ्याहून साक्री, दहिवेल, कोंडाईबारी घाट, विसरवाडी, नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली, पलसाणा आणि मग मुंबईच्या दिशेने वळून नवसारी. सगळं मिळून सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटर, वाटेत चहापाणी धरून पाच ते साडेपाच तास. कोंडाईबारी घाट अंधारात नको. उतारावर अवजड ट्रकांच्या रांगा असतात आणि ब्रेक तापलेली वाहनं वळणावर आवरत नाहीत, तिथले अपघात बहुधा याच कारणाने होतात. पहाटे पाचला धुळं सोडलं तर घाट उजेडात लागतो आणि दहा-साडेदहाला बारडोली येते. तिथे १९२८ च्या शेतसाऱ्याच्या सत्याग्रहाचं ठिकाण असलेला स्वराज आश्रम आहे. तासभर थांबा. वल्लभभाईंना ‘सरदार’ हे नाव मिळालं ते या लढ्यात, आणि दोनच वर्षांनी दांडीला जे घडलं त्याची तालीम इथे झाली होती.

शनिवारची संध्याकाळ: नवसारी पायी

मुक्काम नवसारीत करा, दांडीत नको. नवसारीत स्टेशनच्या आसपास आणि लुन्सीकुईच्या भागात साधी, स्वच्छ हॉटेलं मिळतात. दांडीत सोयी कमी, आणि सुटीच्या दिवशी त्याही भरलेल्या.

संध्याकाळी चारनंतर दीड-दोन तासांची फेरी गावातच करा. दुधिया तळावापासून सुरुवात करून जुन्या गावाकडे वळलं की तरोटा बाजार आणि दस्तुरवाड हा पारशी मोहल्ला लागतो. लाकडी खांब, उंच ओटे, दारापुढे खडूची रांगोळी, आणि बरीचशी कुलूपबंद घरं. जमशेटजी टाटांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी इथलाच, ते घर जतन करून ठेवलं आहे. जवळच अताश बेहराम, म्हणजे पारशांचं सर्वोच्च दर्जाचं अग्निमंदिर आहे, १७६५ मध्ये प्रतिष्ठापना झालेलं. पारशांव्यतिरिक्त कोणालाही आत प्रवेश नाही, तेव्हा दाराशी उभं राहून विनंत्या करू नका आणि आतल्या बाजूला कॅमेरा रोखू नका. पहिले दस्तूर मेहरजीराणा यांच्या नावाचं १८७२ चं ग्रंथालय अवेस्ता आणि पहलवी या जुन्या इराणी भाषांतल्या हस्तलिखितांसाठी ओळखलं जातं. तिथे जायचं तर सकाळी आणि आधी विचारून.

या गल्ल्यांत खरेदीची एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे: कोलाह यांची लोणची आणि उसाचा सिरका. गोरकेरी म्हणजे गूळ घातलेलं कैरीचं लोणचं, आणि गाजर-सुक्यामेव्याचं लग्नाचं लोणचं, या दोन बरण्या घ्याव्यात. आपल्या तिखटाच्या सवयीला गोरकेरी आधी फार गोड वाटते. कळण्याच्या भाकरीबरोबर खाऊन बघा, मग तिची जागा कळते. बरणीचं झाकण वरून पिशवीने बांधून घ्या, गाडीत आडवी पडली की तेल पाझरतं.

एक खुलासा करून ठेवतो, कारण आपल्याकडच्यांची गफलत होते. नवसारीवरून वाहणारी नदीही पूर्णाच, पण चांगदेवला तापीला मिळते ती पूर्णा ही नव्हे. ही डांगच्या डोंगरांतून येते आणि थेट समुद्राला मिळते.

रविवारची पायवाट

गांधीजी आणि त्यांचे ७८ सोबती १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघाले. २ एप्रिलला ते दिंडोलीत होते. हे दिंडोली म्हणजे आज उधन्याला लागून असलेली वस्ती, जिथे खानदेशातून कापड कारखान्यांत कामाला गेलेली हजारो कुटुंबं राहतात. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक त्या गल्ल्यांत आहेत. ३ एप्रिलला यात्रा नवसारीत, पुढे विजलपूर, कराडी-मटवाड, आणि ५ एप्रिलला दांडी.

हाच नवसारी ते दांडी टप्पा चालायचा. त्याचे दोन प्रकार.

पूर्ण टप्पा नवसारी स्टेशनपासून. विजलपूर, मग कृषी विद्यापीठाजवळचा एरू चार रस्ता, पुढे मटवाड, सामापोर, दांडी. ताशी साडेचार किलोमीटरचा वेग आणि दोन विसावे धरून चार ते साडेचार तास लागतात. यात्रेचा रोजचा सरासरी पल्लाही साधारण १६ किलोमीटरचाच होता, आणि गांधीजींना तेव्हा ६१ वं वर्ष चालू होतं. सवय असणाऱ्यालाच हा टप्पा झेपतो. महिनाभर आधीपासून मेहरूण तलावाला किंवा आपापल्या गावच्या रस्त्याला रोज तासभर आणि रविवारी तीन तास चालणं झालेलं असेल, तरच धरा. लळिंगचा किल्ला दमछाक न होता चढणारा इथे तग धरेलच असं नाही. कारण इथे चढ नसला तरी सतत डांबरावर चालणं आहे, आणि तळव्यांना फोड येतात ते डांबराच्या उष्णतेने आणि एकसारख्या घर्षणाने.

दुसरा प्रकार बहुतेकांसाठी: एरू चार रस्त्यापर्यंतचा शहरी भाग आणि पुढचा काही रस्ता रिक्षाने किंवा एसटीने करायचा, मटवाडला उतरायचं, कराडीची गांधीजींची कुटी बघायची आणि तिथून दांडीपर्यंतचे सुमारे ५ किलोमीटर चालायचे. सव्वा तास. शाळकरी मुलं आणि साठीतली माणसंही हे अंतर आरामात करतात. आमची शिफारस याच प्रकाराची आहे. पूर्ण टप्प्याचा सुरुवातीचा भाग दुकानं, वाहनं आणि धूर यांचा आहे. यात्रेच्या वेळचं काही तिथे उरलेलं नाही, आणि ताकद तिथेच खर्च होते.

कराडी चुकवू नका. बहुतेक गाड्या मटवाडवरून सरळ दांडीला निघून जातात. मीठ उचलल्यावर गांधीजी दांडीत फार राहिले नाहीत. कराडीला खजुरीच्या झावळ्यांची झोपडी करून त्यांनी मुक्काम ठोकला, आणि ४ मेच्या मध्यरात्रीनंतर त्यांना अटक झाली ती तिथेच, १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली, खटला न चालवता. तिथून त्यांना येरवड्याला नेलं. आज तिथे कुटीची आठवण जपली आहे. जागा लहान आहे, पाऊण तास पुरतो. पण दांडीच्या भव्य स्मारकाआधी ही लहान जागा बघितली की पुढचं सगळं नीट कळतं. त्या परिसरात शिंदीची झाडं अजून दिसतात. गांधीजींनी त्या वेळी ताडीबंदीसाठी शिंदी तोडायला सांगितलं होतं, आणि लोकांनी तोडलीही होती.

चालण्याचे काही नियम. पहाटे साडेपाच-सहाला नवसारी सोडा. थंडीत उजाडायला सात वाजतात, म्हणून पूर्ण टप्पा चालणाऱ्यांनी टॉर्च आणि चकाकती पट्टी ठेवावी. रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, म्हणजे येणारं वाहन समोर दिसतं. दर माणशी दोन लिटर पाणी घ्या, मटवाडच्या पुढे भरवशाने मिळेलच असं धरू नका. नवे बूट नकोत. मोजे सुती आणि पातळ नकोत, घाम शोषून ओले झालेले मोजेच कातडी सोलतात, जाड आणि कोरडे घ्या, एक जोड बदलायला ठेवा. खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी यांना पर्याय नाही. दुधात भिजवलेल्या असल्याने दोन दिवस टिकतात आणि पोटाला जड होत नाहीत.

ऊन हा वेगळा मुद्दा आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा नवसारीचे ३४-३५ अंश खानदेशी माणसाला किरकोळ वाटतात. तिथेच फसगत होते. आपली हवा कोरडी, घाम लगेच उडतो आणि अंग थंड होतं. किनाऱ्यावर हवेत इतका ओलावा असतो की घाम उडतच नाही, अंगावर निथळत राहतो आणि शरीर तापत जातं. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे ही पहिली चिन्हं. साध्या पाण्याने भागत नाही, मीठ-साखर-लिंबू हवं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच चालण्याचा हंगाम. जून ते सप्टेंबर अजिबात नको, समुद्र खवळलेला आणि किनारा चिखलाचा.

दांडी गावात

रस्ता संपतो तिथे स्मारकाचं प्रचंड आवार दिसतं आणि सगळे आधी तिकडे वळतात. त्याआधी सैफी विलाकडे जा. ५ एप्रिलच्या रात्री गांधीजी या घरात राहिले. घर दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांचं होतं, १९६१ मध्ये त्यांनी ते पंडित नेहरूंच्या हाती देशाला अर्पण केलं. साधं, बैठं, ऐसपैस घर, आत छायाचित्रं आणि माहिती. ६ एप्रिलच्या सकाळी समुद्रस्नान करून याच परिसरात गांधीजींनी खाऱ्या मातीतून मीठ उचललं. तारीख ठरवून निवडलेली होती: ६ ते १३ एप्रिल हा जालियनवाला बागेच्या स्मरणाचा राष्ट्रीय सप्ताह. सरोजिनी नायडू शेजारी उभ्या होत्या.

त्या दिवशी मीठ सहज सापडलं नव्हतं. पोलिसांनी आधीच किनाऱ्यावरचे मिठाचे थर चिखलात तुडवून टाकले होते. इथलं नैसर्गिक मीठ बनतं ते असं: अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीचं पाणी वरच्या खळग्यांत येऊन साचतं, पुढचे काही दिवस भरती तिथवर पोहोचत नाही, उन्हाने पाणी आटतं आणि पांढरी पापडी उरते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे खळगं उथळ असेल तर आठवड्यात पातळ पापडी धरते. त्यासाठी कडक ऊन आणि कोरडा वारा लागतो. म्हणून डिसेंबरात जाऊन ‘मीठ कुठे आहे’ असं विचारलं तर दिसणार नाही. ते बघायचंच असेल तर मार्च-एप्रिलमध्ये, अमावास्येनंतर चार-पाच दिवसांनी जा, आणि त्या वेळी चालणं सकाळी आठच्या आत उरका. ते मीठ चाखून बघायला हरकत नाही, पण कडवट लागतं. त्यात मॅग्नेशियमचे क्षार राहिलेले असतात, मिठागरात ते वेगळे काढले जातात.

आता स्मारक. राष्ट्रीय मीठ सत्याग्रह स्मारक ३० जानेवारी २०१९ रोजी खुलं झालं. आवार १५ एकरांचं. मधोमध ४० मीटर उंचीची, दोन हात वर जोडल्यासारखी चौकट आणि टोकाला काचेचा स्फटिक. खाली गांधीजींचा पाच मीटर उंचीचा ब्राँझचा पुतळा, तो घडवला आपल्या सदाशिव साठे यांनी. कृत्रिम तळ्याच्या काठाने जाणाऱ्या वाटेवर २४ दिवसांची २४ भित्तिशिल्पं आहेत.

यातलं सगळ्यात मोलाचं म्हणजे यात्रेकरूंचे पूर्णाकृती पुतळे. निरनिराळ्या देशांतल्या शिल्पकारांनी ते केले आहेत, त्यामुळे चेहऱ्यांची घडण एकसाची नाही. मिरवणुकीच्या बाजूने एकेका चेहऱ्याशी थांबत चाला. नाव माहीत असलेला माणूस शोधायचा तर पंडित नारायण मोरेश्वर खरे यांना शोधा. आश्रमातली रोजची प्रार्थना-भजनं त्यांच्याकडे होती, आणि यात्रेत तेही पायी होते. सोबत मुलं असतील तर त्यांना हेही सांगा की अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधली शिक्षकाची नोकरी सोडून साने गुरुजी १९३० मध्ये याच चळवळीत उतरले आणि तुरुंगात गेले. दांडीची गोष्ट त्यांच्यासाठी मग गुजरातेतली राहत नाही.

मीठ बनवून दाखवण्याची सोयही स्मारकात केलेली आहे: खारं पाणी घालायचं, ते आटवून चिमूटभर मीठ हातात घ्यायचं. चालू असेल तर रांगेत उभं राहावं.

उणीव सांगायची तर सावलीची. वीज निर्माण करणारी ४१ ‘सौर झाडं’ आवारात आहेत, पण त्यांच्याखाली बसता येईल अशी सावली पडत नाही. अकरा ते चार या वेळात फरशी तापते आणि लोक पुतळ्यांसमोरून भराभर निघून जातात. सगळं नीट बघायला दोन तास लागतात, म्हणून सकाळी उघडल्याबरोबर किंवा चारनंतर जा. रविवारी संध्याकाळी मात्र सुरत-नवसारीहून इतकी माणसं येतात की पुतळ्यांच्या रांगेत फक्त फोटो काढणारेच दिसतात. उघडण्याची वेळ आणि आठवड्याची सुटी निघण्याआधी बघून घ्या. ५ आणि ६ एप्रिलला कार्यक्रम असतात, त्या दिवशी शांतपणे काही बघायला मिळणार नाही.

समुद्राशी कसं वागायचं

नदी-धरणाच्या पाण्याची सवय असलेल्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

दांडीचं पाणी मातकट करडं दिसतं. ती घाण नव्हे. तापी, पूर्णा, अंबिका यांनी आणलेला बारीक गाळ आणि खंभातच्या आखाताजवळची भरती-ओहोटीची जोरदार ये-जा, यामुळे गाळ तळाला बसतच नाही. या गाळातच धोका आहे. ओहोटीला समुद्र खूप दूर जातो आणि मोकळी ओली जमीन पाहून माणसं आत चालत सुटतात. वरची वाळू घट्ट असते, पुढे वाळू संपून गारा सुरू होतो आणि पाय पोटरीपर्यंत रुततो. रुतलेला पाय सरळ वर ओढू नका, चप्पल राहते आणि तोल जातो. मागे टेकून, पाय हलवत, तिरका काढा.

त्याहून वाईट म्हणजे भरती समोरूनच येते असं समजणं. किनारा सपाट दिसला तरी त्यात वाळूचे उंचवटे आणि मधल्या पन्हाळ्या असतात. भरतीचं पाणी आधी या पन्हाळ्यांतून, म्हणजे तुमच्या मागच्या बाजूने भरतं. समोर पाणी अजून लांब असतं, आणि किनाऱ्याकडे वळावं तर मध्ये कंबरभर ओढ. माणसं अडकतात ती अशीच.

म्हणून वेळ बघून जा. दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, आणि रोज त्या साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकतात. शनिवारी सकाळी आठला भरती असेल तर रविवारी पावणेनऊ-नऊच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी फार वर येतं आणि फार लांब जातं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती, फरक कमी. कुटुंबाला घेऊन जायचं तर अष्टमीजवळचा रविवार निवडा, घरातल्या कॅलेंडरवर तिथी असतेच. नेमकी वेळ फोनवर भरतीच्या तक्त्यात मिळते, पण मुंबईचा तक्ता वापरू नका, इथली भरती मुंबईपेक्षा उशिरा येते. किनाऱ्यावर चालायला सगळ्यात चांगला काळ म्हणजे भरती उलटल्यानंतरचे दोन तास. वाळू घट्ट असते आणि पाणी तुमच्यापासून दूर जात असतं. पोहणं नकोच. घोट्यापर्यंत पाय भिजवा आणि गावातल्या कोळ्यांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खाणं

किनाऱ्यावरच्या गाड्यांवर भजी, मका, शहाळं मिळतं. जेवण नवसारीत. हिवाळ्यात गेलात तर दोन गोष्टी घ्याच. पोंक, म्हणजे ज्वारीचा कोवळा हुरडा, सोबत लिंबू-मिऱ्याची शेव. आपल्या हुरड्यापेक्षा दाणा कोवळा आणि गोडसर. दुसरं उंबाडियुं: पापडी, रताळं, कंद, बटाटा हिरव्या मसाल्यात घोळवून मडक्यात भरतात, तोंड पाल्याने बंद करतात, मडकं उलटं ठेवून भोवती आग लावतात. पाणी आणि तेल जवळजवळ नसतंच. नवसारी ते वलसाड महामार्गाच्या कडेला टपऱ्या लागतात. तुमच्यासमोर फोडलेल्या मडक्यातलंच घ्या, हिरवी चटणी आणि मठ्ठ्याबरोबर गरम खा. थंड झालं की पापडी चिवट होते.

परतताना अमलसाडचे चिकू घ्यायचे तर नखाने साल किंचित खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर कच्चं तोडलेलं आहे, ते पिकणार नाही, नुसतं सुकेल. फिकट तपकिरी दिसलं तर तीन-चार दिवसांत घरी पिकतं. गुजरातेत दारूबंदी आहे, गाडीतून काही नेऊ नका, सीमेवर तपासणी होते.

स्वतःची गाडी असेल आणि अर्धा दिवस हाताशी असेल तर दक्षिणेला वलसाड जिल्ह्यातलं धरासणा जोडा. २१ मे १९३० रोजी तिथल्या मिठाच्या आगरावर सत्याग्रही रांगेने पुढे जात राहिले आणि लाठ्या झेलत राहिले, सरोजिनी नायडू पुढे होत्या. दांडीचा खरा शेवट तिथे आहे, पण रेल्वेने आलेल्यांना तेवढा वेळ पुरणार नाही.

परतीचं

रविवारी दुपारी एकच्या आत दांडी सोडा. नवसारीला पाय आणि बूट धुऊन घ्या, हा गाळ वाळला की दगडासारखा चिकटतो. उधन्याहून परतीचं आरक्षण जातानाच्या तिकिटाबरोबरच करून ठेवा. आखाजी, श्रावणातली कानबाई, दिवाळी आणि होळी या चार वेळा सुरतेतली सगळी खानदेशी माणसं याच गाड्यांनी गावाकडे निघतात. तेव्हा साध्या डब्यात उभं राहायलाही जागा मिळत नाही आणि आरक्षित डब्यातही वाट काढत जावं लागतं. या सणांच्या आधीचे आणि नंतरचे शनिवार-रविवार सोडून तारीख धरा.